म्हसोबाची उंची

२ मार्च १९९७, रविवार

आज कळंबला गेले ती सासूबाईंच्या हातची शेंगोळी खायला, आणि परत आले ती बावीस घरांची जबाबदारी घेऊन. खालच्या वस्तीवरचे तात्याबा ओसरीवर येऊन बसले होते. वस्ती सगळी धनगरांची. पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, आता ओढ्याकाठी शेती करून राहतात. वस्तीच्या खालच्या अंगाने जाणारा रस्ता सात फूट भराव टाकून उंच करणार आहेत. म्हणजे ओढ्याला आडवा मातीचा बांधच. त्यात पाणी जायला तीन नळ्यांची मोरी ठेवणार, बस्स.

तात्याबा आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना सांगत होते, "सर्जेराव, रस्त्याला आमची ना न्हाय. पर मागल्या साली रस्ता जमिनीसरशी व्हता, तवा पाणी माझ्या उंबऱ्याला लागलं. आता म्होरं बांध घातल्यावर आमी कुठं जायाचं? सायेब म्हनतो, जादा मोरी पायजे तर कागदावर दाखवा. पंधरा मेपतोर थांबतो म्हनला." मग माझ्याकडे वळून, "वयनी, तुमी पाण्याचं शिकलाय म्हनं."

शिकले आहे की! एम.ई. केलं ते उघड्या जमिनीवर पसरणाऱ्या पाण्यात, आणि चार वर्षं बारामतीच्या कॉलेजात शिकवतेय पाइपातलं पाणी. माझं खरं शिक्षण कुणी आजवर विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, दाखवते कागदावर. आबा सुपारी कातरत राहिले. वालचंदनगरला क्वार्टरवर परतताना नवरा, ऋषिराज, म्हणाला, "राजी, आबांना जरा विचारून तरी घ्यायचंस." यात आबांना काय विचारायचं?

९ मार्च

कामाची आखणी झाली. दोन किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद जमिनीचे वीस-वीस मीटरचे चौकोन पाडायचे. पाच हजार चौकोन. चारशे ठिकाणी उंची प्रत्यक्ष मोजायची, मधल्या अंदाजाने भरायच्या. मग कंप्युटरमध्ये वरून ओढा सोडायचा आणि दर सेकंदाला प्रत्येक चौकोनाने शेजाऱ्याला किती पाणी दिलं ते काढत जायचं. जमीन सपाट असती तर चार दिवसांचं काम. पण इथे ताली, पाट, बांध, खड्डे. उंचसखल जमिनीवरचं वीतभर पाणी समुद्रापेक्षा अवघड, असं मी वर्गात सांगते तेव्हा मुलं हसतात.

उंची मोजायची दुर्बीण कॉलेजातून मिळाली. पट्टी धरायला तात्याबांच्या घरच्या तानूबाई. काल आणि आज कालव्याच्या पुलावरच्या सरकारी खुणेपासून (तिची उंची खात्याच्या यादीत असते) सुरुवात करून रस्त्याच्या वरची सगळी बाजू मोजली, वस्तीसकट. तानूबाई पट्टी अशी धरतात की माझे विद्यार्थी लाजतील. शिवाय दर दहा मिनिटांनी विचारतात, "किती आलं?" आणि सांगितल्यावर "बरुबर हाय" म्हणतात.

१६ मार्च

रस्त्याच्या खालची बाजू आज संपवली. पूल इथून लांब आणि मधे ऊस उभा. पाटबंधारे खात्याच्या यादीत दुसरी एक खूण सापडली: ओढ्याच्या काठाला, आमच्याच उसाच्या कडेला, बाण कोरलेला दगड. जाऊन पाहते तर त्या दगडाचा म्हसोबा झालेला! शेंदराचा जाड थर, पुढे करवंट्या. हात जोडले आणि कडेचा शेंदूर हळूच खरवडला. खाली बाण तसाच. यादीतली उंची धरली आणि तिथून काम सुरू केलं. म्हसोबाची राहण्याची सोयही झकास आहे. गुळगुळीत सिमेंटचा चौथरा बांधलाय कुणीतरी.

आबा दोनदा येऊन गेले. "हितनंच मोजाया पायजे का? पुलावरनं घे की." मी समजावलं की दोन्ही खुणा सरकारच्याच, कुठूनही घेतलं तरी उत्तर एकच येणार. "बरं," म्हणाले आणि सगळ्यांना चहा पाठवला. आबांना माझ्या कामात रस वाटू लागलाय, बरं वाटलं.

एक गंमत कळली. रस्त्याच्या खाली जमीन एकदम अडीच फुटांनी उतरते. नुसतं बघून तसं वाटत नाही. पण डोळ्यांचा काय भरवसा, म्हणून तर दुर्बीण.

२९ मार्च

आकडे भरून झाले. ओढा सोडण्याआधी एक सोपी परीक्षा घ्यायची असते. सखल भागात पाणी भरून ठेवायचं, वारा नाही, पाऊस नाही, काही नाही. पाणी जिथल्या तिथे उभं राहिलं पाहिजे. एवढंच.

माझं पाणी उभं राहात नाही. कंप्युटर सुरू केला की दहा मिनिटांत प्रत्येक उंचवट्याभोवती पाणी आपलं आपण धावायला लागतं, चढावर चढतं. तळ्यातलं पाणी तळ्यात ठेवता येत नाही आणि निघाले पूर सांगायला!

८ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. श्रीखंड केलं. पाणी अजून धावतंय. सबंध प्रोग्रॅम दोनदा नव्याने लिहिला. लोडशेडिंगने त्यातला एक खाल्ला. ऋषिराज म्हणतो सणाच्या दिवशी तरी ते यंत्र बंद ठेव. ठेवलं, चार तास.

११ एप्रिल

वस्तीवर गेले होते. मागच्या पुरात प्रत्येक घरात पाणी किती खोल होतं ते लिहून घ्यायला. कुणालाच सांगता येईना. चिडून म्हटलं, "अहो, घरात पाणी होतं ना? मग खोल किती ते कसं माहीत नाही?"

तानूबाई हसायला लागल्या. "खोल कशाला इचारताय वयनी? पाणी कुठवर आलं त्ये इचारा. खड्ड्यात खोल आसतंय, वट्यावर उथळ आसतंय. पर आलं कुठवर, त्ये समद्यांस्नी एकच."

मी वही मिटली आणि पहिल्या एस.टी.ने घरी आले.

१३ एप्रिल

पाणी उभं राहिलं!

मी आजवर प्रत्येक चौकोनात पाण्याची खोली साठवत होते. खोलीच्या फरकाचा एक धक्का, जमिनीच्या उताराचा उलटा धक्का, आणि दोन्ही वेगवेगळे मोजत होते. उभ्या पाण्यात ते एकमेकांना पुरते खोडायला हवेत. माझ्या गणितात चिमूटभर उरायचा, आणि ती चिमूट पाण्याला पळवायची. आता खोली टाकून दिली आणि पाण्याचा माथा कुठवर, ते साठवलं. शेजारच्या चौकोनातही माथा तेवढाच, तर ढकलायला काही उरतच नाही. जमीन खाली कशी का असेना.

दोन तास चालवलं. एक थेंब हलला नाही. ऋषिराजला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, "काहीच होत नाहीये." म्हटलं, तेच तर!

२२ एप्रिल

उत्तर आलं. तीन नळ्या पुरतात. मोठ्यात मोठा पाऊस धरला, ओढा जिला मिळतो त्या नीरेला पूर धरला, तरी पाणी वस्तीच्या उंबऱ्याखाली दीड फुटावर थांबतं. रस्त्याच्या खालचा तो अडीच फुटांचा उतार पाणी ओढून नेतो.

मागच्या वर्षी उंबऱ्याला कसं लागलं मग? ओढ्यात वेड्या बाभळी माजल्या होत्या, तुंबलं असणार. आता साफ करणारच आहेत. रस्त्याच्या कामाच्या डेप्युटी साहेबांना पत्र लिहून टाकलं. कळंबला जाऊन आबांना सांगितलं तर त्यांनी आत जाऊन स्वतः साखर आणली आणि माझ्या हातावर ठेवली. "शिक्शान कामाला आलं," म्हणाले. लग्न होऊन चार वर्षं झाली, पहिल्यांदा कौतुक केलं त्यांनी माझं. एस.टी.त बसल्यावरही हात चिकट होता.

२७ एप्रिल

वस्तीवर सांगायला गेले. वाटलं होतं, सुटकेचा श्वास टाकतील. तात्याबा म्हणाले, "वयनी, मागल्या साली नीरा फुगली तवा ओढा मागं तुंबला. सकाळधरनं दोपारपतोर पाणी एका जागी उभं. त्या टायमाला म्हसोबाच्या माथ्याला पाणी टेकलं व्हतं आन माझ्या उंबऱ्याला बी. मी सोता हितनं तितं पवत गेलतो."

"तात्या, तुमचा उंबरा म्हसोबाच्या माथ्यापेक्षा अडीच फूट उंच आहे. मी मोजलंय."

"आसंल. पर पाण्यानं तसं न्हाय सांगितलं."

मला राग आला. दीड महिना उन्हात उभी राहिले, डोळे फोडून घेतले, आणि हे मला पाण्याच्या गोष्टी सांगणार. म्हटलं, "आठवणीतलं पाणी नेहमी वाढतंच, तात्या." तानूबाईंनी माझ्या पुढची कपबशी उचलली. चहा अर्धा होता अजून.

२८ एप्रिल

कॉलेजात लक्ष लागलं नाही. उभं पाणी. पंधरा दिवस डोकं फोडलं ते कशासाठी? उभ्या पाण्याचा माथा सगळीकडे एकच, एवढ्यासाठी. काल एक म्हातारा मला नेमकं तेच सांगत होता, आणि मी त्याला वेड्यात काढून आले. एक तर तो खोटं बोलतोय किंवा माझा तक्ता. तो कशाला खोटं बोलेल?

२९ एप्रिल

रजा टाकली. पुलापासून बांधाबांधाने, उसाला वळसे घालत, थेट म्हसोबापर्यंत मोजत आले. पट्टी तानूबाईंनीच धरली. परवाबद्दल माफी मागितली तर म्हणाल्या, "पट्टी बगा, वाकडी न्हाय ना?"

म्हसोबा यादीतल्या उंचीपेक्षा अडीच फूट वर बसलेला आहे. परत मोजलं. अडीच फूट.

म्हणजे रस्त्याखालची सगळी जमीन मी अडीच फूट खोल धरली. तो उतार नव्हताच. एका खुणेपासून निघालं की दुसरीवर जाऊन मेळ घालायचा, हा पहिल्या वर्षाचा धडा. हाच मेळ घातला नाही म्हणून मी मुलांना नापास करते. आणि तो चौथरा मी पाहिला होता, त्याचं कौतुकही केलं होतं! मला वाटलं, दगडाभोवती बांधलाय. दगड उचलून वर बसवला असेल हे डोक्यातही आलं नाही.

१ मे

कळंबला गेले. "म्हसोबाचा दगड कुणी उचलला?" सासूबाई भाकरी थापता थापता थांबल्या.

"मी," आबा म्हणाले. "पंच्याऐंशी साली हिरीला पाणी लागलं. नवस व्हता. देव चिखलात बसला व्हता, दर साली गाळात जायाचा. चौघांनी पहारीनं उचलून वर घेतला. देवाला चिखलात ठिवत्यात व्हय?"

"मी मोजत होते तेव्हा सांगितलं का नाही?"

"म्हनलं व्हतं की, पुलावरनं घे." मग तोंड फिरवून म्हणाले, "जादा मोरी झाली तर तिचं पाणी कुनाच्या रानात यील, त्ये कळतंय मला. मी शिकलो नसलो म्हनून काय झालं?"

ती साखर आठवली. मी माझ्या हुशारीचं कौतुक समजून बसले होते.

४ मे

नवे आकडे भरले. तीन नळ्यांनी वस्तीत उंबऱ्याच्या वर फूटभर पाणी जातं. बावीसच्या बावीस घरांत. ओढ्याच्या पश्चिमेला रस्ता सखल आहे तिथे दोन गाळ्यांची, म्हणजे दोन रुंद कप्प्यांची, मोरी ठेवली तर पाणी उंबऱ्याखाली सहा बोटं थांबतं. चार-पाच जागा बदलून पाहिल्या, दुसरीकडे कुठे चालत नाही. त्या मोरीचं तोंड थेट आमच्या उसात. दोन दिवस गुडघ्याच्या वर चार बोटं पाणी.

ऋषिराज म्हणाला, "पत्र तर गेलंय. तुला परत कुणी विचारलंय का?" मी म्हटलं, मला विचारायला कुणी लागत नाही. मग जरा नरमाईने, "तुझ्या घराचं नुकसान आहे, कळतंय मला." तो म्हणाला, "आपल्या घराचं." ते खरंच आहे.

८ मे

इंदापूरला डेप्युटी साहेबांकडे. "बाई, आधी लिहिलंत पुरतात. आता म्हणता पुरत नाहीत."

"आधी चुकले," मी म्हटलं. कशी चुकले तेही सांगितलं, म्हसोबासकट. वाटलं, हसतील. त्यांनी दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून उजेडात धरले आणि बराच वेळ पाहिले. म्हणाले, दोन गाळे बसवता येतील, पण ज्याच्या रानात पाणी सोडायचं त्याची लेखी संमती आणि सातबारा पंधरा तारखेच्या आत हवा. नाहीतर तीन नळ्यांवर काम सुरू.

९ मे

आबा म्हणाले, "उसात पाणी उभं ऱ्हायलं की मुळी कुजती. मी सही करनार न्हाय." विषय संपला. सासूबाईंनी मला खुणेने गप्प केलं.

१२ मे

सही नाही तर निदान सातबारा तरी काढून ठेवावा म्हणून तलाठ्याकडे गेले. त्याने उतारा लिहून दिला. मी मालकाचं नाव वाचलं, परत वाचलं. माझं नाव. राजलक्ष्मी ऋषिराज, तीन एकर, नेमका तोच तुकडा. लग्नाच्या वर्षी साखर कारखान्याचे एका घरात दोन सभासद व्हावेत म्हणून आबांनी तो माझ्या नावावर केला होता. नव्या नवरीने काही कागदांवर सह्या केल्या होत्या, न वाचता.

सही माझीच लागणार आहे.

१३ मे

आबांना न सांगता करणार नव्हते. सकाळीच गेले, उतारा त्यांच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, "मी सही करणार आहे. विचारायला नाही, सांगायला आलेय."

"नाव तुझं हाय. रान माझं हाय. हाडं झिजवलीत त्येच्यात."

"हो आबा. तुम्ही देवाला चिखलातून उचलून वर घेतलंत. ती बावीस घरं चौथऱ्यावर उचलून ठेवता येत नाहीत."

आबा उठले, पायताण घातलं आणि रानात निघून गेले. इंदापुरात चार वाजता सही केली.

२० जून

आबा बोलत नाहीत. मी ओसरीवर आले की उठून जातात. सासूबाई डबा देतात, तोही बळेच. मी दर रविवारी जातेय. त्यांना उठायचं तर उठू देत, मी जाणार.

१० ऑगस्ट

मोरी झाली. तात्याबांनी नारळ फोडला. आबांना बोलावणं होतं, आले नाहीत.

२१ सप्टेंबर, रविवार

तीन दिवस झोडपून आज सकाळी पाऊस थांबला. नीरा काठोकाठ. पहिल्या एस.टी.ने कळंबला गेले आणि रस्त्याच्या भरावावर उभी राहिले. वरच्या बाजूला वस्तीपर्यंत लालसर पाणी. दोन्ही गाळे भरून वाहत होते. धावत वस्तीवर गेले. पाणी तात्याबांच्या उंबऱ्याखाली थांबलेलं. मी वाकून बोटं लावली. सात. तानूबाई आत चुलीपुढे बसून भाकरी करत होत्या. चूल पेटलेली होती. मला बसा म्हणाल्या, पण बसवेना.

खाली आमच्या उसात पाणीच पाणी. आबा बांधावर उभे, पहाटेपासून असणार. मी जाऊन शेजारी उभी राहिले. निघून जायला त्यांना जागा नव्हती, दोन्ही बाजूंनी पाणी.

"तुझ्या कंप्युटरनं हितं किती सांगितलं व्हतं?"

"गुडघ्याच्या वर चार बोटं."

आबांनी धोतर वर खोचलं, काठी घेतली आणि सरीत उतरले. मी म्हटलं, आबा नका, घसराल. ऐकतात कुठले! ऊस बाजूला सारत आत गेले, दिसेनासे झाले. मग आतून आवाज आला.

"गुडघ्याच्या खाली हाय! चांगलं चार बोटं खाली! चुकलं तुझं!"

चार महिन्यांनी आबा माझ्याशी बोलत होते, आणि काय आनंद होता त्यांच्या आवाजात! मला रडू फुटलं.

"चुकलं, आबा!" मी ओरडून सांगितलं.

"मग उभी काय ऱ्हायलीस? लिवून घे!"

वही क्वार्टरवर राहिलेली. पर्समध्ये पेन होतं. आबा एकेका सरीत जाऊन काठी टेकवत होते, तिथून आकडा ओरडत होते, आणि मी हातावर लिहीत होते. तळहात भरला, मनगट भरलं. शेवटचे आकडे कोपराजवळ गेले तेव्हा कुठे आबा बाहेर आले, माझा हात धरून सगळे आकडे परत एकदा वाचायला लावले, आणि दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं.